सिंगापूरचा नवरा

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला प्रेमाबद्दल कधी विचारू नये. तो व्याजदर सांगतो.

तरीपण विषय निघालाच आहे, तर आमच्याकडचा एक नियम सांगून ठेवतो. एखाद्या खात्यात ग्राहकाने दोन वर्षं काहीच व्यवहार केला नाही, की ते खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं त्याच्याकडे कोणी फिरकलंच नाही, तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. २०१४ साली हा निधी सुरू झाला. पण खरी गंमत पुढेच आहे. पैसे बुडत नाहीत. ग्राहक पंधरा वर्षांनी उगवू दे नाहीतर पंचवीस वर्षांनी, त्याने आपली ओळख पटवून दिली की त्याचं त्याला परत मिळतं.

शाळेतल्या प्रेमाचं अगदी असंच असतं, हे कळायला मात्र मला एक तमिळ चित्रपट पाहावा लागला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मामी राहतात. मूळच्या तंजावरच्या, पण चाळीस वर्षं मुलुंडात राहून आता मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलतात, विशेषतः भाजीवाल्याशी. त्यांनी एकदा रसमच्या भांड्याबरोबर चित्रपटाचंही नाव पाठवलं. म्हणाल्या, "'९६' बघा. आमच्या तंजावरचा आहे. दोघांनी मिळून बघा." मी म्हटलं, तंजावरचा म्हणजे निम्मा आपलाच. व्यंकोजीराजांपासून १८५५ सालापर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. तेव्हा पाहायला हरकत नाही. शिवाय चित्रपटाचं नाव म्हणजे नुसता आकडा. बँकेतल्या माणसाला याहून आकर्षक नाव कुठलं? आणि त्यातून आकडा ९६! मी दहावी झालो ते नेमकं १९९६ साल.

चित्रपट २०१८ सालचा. मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायला त्याला सहा-सात वर्षं लागली. एका शनिवारी रात्री आम्ही तो लावला. तमिळ येत नसल्यामुळे खालच्या इंग्रजी ओळी वाचायच्या होत्या. सौ. मेथी निवडत होती. एक डोळा मेथीवर, एक ओळींवर. मी मात्र लेजर तपासावं तसा एकेक ओळ वाचत होतो.

गोष्ट साधी आहे. तंजावरच्या शाळेत राम आणि जानकी एका वर्गात. राम अबोल, जानकी गाणारी. एस. जानकींवरून तिचं नाव ठेवलेलं. दहावीनंतर रामचं बिऱ्हाड गाव सोडून मद्रासला जातं आणि बोलायचं राहतं ते राहूनच जातं. बावीस वर्षांनी बॅचचं संमेलन भरतं. राम, म्हणजे विजय सेतुपती, फोटोग्राफर झालेला आहे आणि लग्न न करता राहिलेला आहे. जानकी, म्हणजे त्रिशा, सिंगापूरहून येते. तिला तिथे नवरा आहे, मुलगी आहे. परतीचं विमान सुटेपर्यंत दोघांच्या हातात एकच रात्र.

त्या रात्रीत काय होतं? काहीही होत नाही. दोघं चेन्नईत फिरतात, बोलतात, पावसात भिजतात, पुन्हा बोलतात. शाळेत असल्यापासून तो तिला एक गाणं म्हणायला सांगत आलेला असतो आणि ती मुद्दाम तेवढंच टाळत आलेली असते. 'दळपती' या १९९१ सालच्या चित्रपटातलं, इळैयराजांचं. ते गाणं ती त्याच्या घरी, दिवे गेल्यावर, अंधारात म्हणते. मग विमान. मग तो घरी येऊन शाळेतल्या वस्तू जपून ठेवलेली पेटी उघडतो. संपला चित्रपट.

दिग्दर्शक सी. प्रेमकुमार आधी कॅमेरामन होते, हा त्यांचा पहिलाच चित्रपट. लोकांना तो इतका भिडला की पुढच्याच वर्षी कन्नडमध्ये तो '९९' नावाने निघाला, बहुधा महागाई भत्ता धरून. तेलुगूत २०२० साली 'जानू' आला. आपण मराठी माणसं मात्र या बाबतीत आधीच पोचलो होतो. सतीश राजवाडे यांचा 'ती सध्या काय करते' जानेवारी २०१७ मध्ये लागून गेला होता. अंकुश चौधरी आणि तेजश्री प्रधान, शाळेपासूनची ओळख, मग ताटातूट आणि मग स्नेहसंमेलन. चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला, नाव मात्र सगळ्यांनीच उचललं. त्या महिन्यात ज्याच्या-त्याच्या फोनवर तोच प्रश्न. आमच्या शाखेत तर कॅश टॅली होईना तेव्हाही कोणीतरी विचारलं, "पाचशेची ती नोट सध्या काय करते?"

तर '९६' संपला. मेथीही संपली. देठं एका बाजूला सारत सौ. म्हणाली,

"अहो, तुमची जानू कोण?"

"माझी? छे! मी कॉमर्सचा विद्यार्थी."

"दहावीत कुठे असतं कॉमर्स?"

बायकांना बाकी काही आठवो न आठवो, अभ्यासक्रम बरोबर आठवतो.

मी सांगून टाकलं. 'दहावी ब'मध्ये एक मुलगी होती. खिडकीशेजारच्या रांगेत, दुसऱ्या बाकावर. भूमितीच्या तासाला तिने मला एकदा कोनमापक दिला होता. वर निळ्या बॉलपेनने तिचं नाव. तो परत द्यायचा राहिला. आता रामसारखी माझ्याकडे पेटी नाही. मुंबईच्या उपनगरात पेटी ठेवायला जागा मिळाली तर माणूस तिथे आधी पाहुण्यांची गादी ठेवतो. पण तो कोनमापक होता. मुदत ठेवींच्या पावत्यांच्या फायलीत, सगळ्यात खाली.

"म्हणजे ती पिवळी पट्टी?" सौ. म्हणाली. "दोनदा टाकून देणार होते मी."

"प्लॅस्टिक पिवळं पडलंय ते. मूळचा पारदर्शक होता."

"तुम्हीही," ती म्हणाली आणि मेथी धुवायला उठली.

त्याच डिसेंबरात आमच्या वर्गाचं स्नेहसंमेलन निघालं. 'दहावी ब, १९९६' असा फोनवर ग्रुप होताच. त्यावर वर्षभर सकाळी फुलं आणि संध्याकाळी गुडघेदुखीचे उपाय येत. मुलुंडातच एक हॉल घेतला. मी कोनमापक शर्टाच्या खिशात घातला, वरून स्वेटर. सौ.ने निघताना स्वेटर सारखा केला आणि खिशावर दोन बोटं टेकवून म्हणाली, "टोचेल हं."

हॉलमध्ये शिरलो आणि दचकलो. मला वाटलं, शिक्षकांनाच बोलावलंय. वर्गातले सगळे मुलगे हळूहळू आमच्या गणिताच्या सरांसारखे दिसायला लागले होते. ज्याने एकवीस अपेक्षितमधले वीस प्रश्न ऑप्शनला टाकले होते, तो आता दोन क्लासेस चालवत होता. पहिला आलेला मधुमेहातही पहिला होता. बाकी मुलींनी आपलं वय बरंच काटकसरीने वापरलेलं दिसत होतं.

ती आली. मी छातीवर हात ठेवला. धडधडीसाठी नव्हे, कोनमापकासाठी.

तिने मला क्षणात ओळखलं. माझा अर्धा जन्म सार्थकी लागला. ती म्हणाली,

"अय्या, तू! थालीपीठ!"

उरलेला अर्धा तिथेच थांबला.

"तुझ्या डब्यातलं थालीपीठ आठवतं मला अजून," ती सांगू लागली. "काकू माझ्यासाठी मुद्दाम एक जास्तीचं पाठवायच्या ना रे? वर लोण्याचा गोळा. आमच्याकडे तेव्हा आई आजारी असायची, डबा धड नसायचा. कशा आहेत काकू?"

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती, ते मी सांगितलं. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "मी मुलीला नेहमी सांगते त्यांच्याबद्दल. न बघितलेल्या मुलीसाठी रोज डब्यात घालायच्या."

आता खरी गोष्ट अशी, की आईने जास्तीचं थालीपीठ कधीच दिलं नव्हतं. आई मोजून तीन द्यायची. त्यातलं एक मी 'आईने तुला दिलंय' म्हणून तिला देत होतो आणि दोनांवर भागवत होतो. वाढत्या वयातल्या मुलाने तिसरं थालीपीठ सोडणं म्हणजे काय, हे वाढत्या वयातल्या मुलालाच कळेल. आणि माझं हे सगळं प्रेम जवळजवळ तीस वर्षं आईच्या खात्यात जमा होत राहिलं होतं!

बँकेत अशी चूक सापडली की आम्ही ताबडतोब उलटी नोंद करतो. माझ्याही तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, राहू दे. आईच्या खात्यात हल्ली नवीन काय जमा होतंय? हे आहे ते तिच्याच नावावर असू दे.

कोनमापक तसाच खिशात घरी आला.

घरी येऊन मी हे सगळं सौ.ला रंगवून सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. थोडं पाणी थालीपिठाचं होतं, थोडं आईचं. मग डोळे पुसत म्हणाली,

"आमच्याही वर्गाचा ग्रुप झालाय परवा."

सौ.चं माहेर बोरिवलीचं, बाभईनाक्याजवळ. नकाशात पाहिलं तर मुलुंड आणि बोरिवली ही शेजारची गावं. मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. पण लोकलने जायचं तर दादरला जाऊन, गाडी बदलून, पुन्हा तेवढंच वर यायचं. त्यामुळे बोरिवलीत १९९८ साली काय घडलं हे मुलुंडात कळत नाही. तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर कुणा वर्गबंधूचा मजकूर होता. हे गृहस्थ सध्या दहिसरला औषधांचं दुकान चालवतात. आपण त्यांना दहिसरकर म्हणू. दहिसरकरांनी माझ्या बायकोला उद्देशून लिहिलं होतं की, दहावीच्या गॅदरिंगमध्ये तू गात होतीस, मध्येच लाइट गेले, माइक बंद पडला, पण तू थांबली नाहीस. अंधारात सगळं मैदान गप्प बसून ऐकत होतं. आजही लाइट गेले की मला पहिलं तेच आठवतं. हल्ली गातेस ना?

मी ते दोनदा वाचलं. धनादेश वाचतात तसं, अक्षरी आणि अंकी.

"तू गायचीस?" मी विचारलं.

"गायचे."

"म्हणजे... मैदान गप्प बसेल असं?"

"लाइट गेले होते हो. गप्प बसणार नाही तर काय करणार?"

त्या रात्री मला झोप आली नाही. पंखा फिरत होता आणि माझ्या डोक्यात तो चित्रपट. चित्रपट पाहताना मी अर्थातच राम होतो. पाहणारा प्रत्येक पुरुष रामच असतो, म्हणून तर तो चालतो. चेन्नईच्या त्या रस्त्यांवरून मीच कोनमापक घेऊन हिंडलो होतो. आणि आता मला एकाएकी सिंगापूरचा नवरा आठवला. तो बिचारा चित्रपटात जवळजवळ नाहीच. कोणी त्याच्याबद्दल विचारत नाही, त्याच्यासाठी व्हायोलिन वाजत नाही. ती रात्र तो सिंगापुरात काय करत असेल? मुलीला झोपवलं असेल, बायकोच्या विमानाची वेळ पाहिली असेल, सकाळचं दूध आहे का बघितलं असेल. त्याची बायको काय गाते, हे चेन्नईतल्या एका माणसाला ठाऊक आहे. त्याला ते ठाऊक आहे का?

'ती सध्या काय करते' हा प्रश्न अख्ख्या महाराष्ट्राने विचारला तेव्हा मी हसलो होतो. त्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याच स्वयंपाकघरात रोज सकाळी साडेसहाला माझा डबा भरत होतं, हे लक्षातच आलं नव्हतं. लग्नाला सतरा वर्षं झाली. तिचा रक्तगट मला पाठ आहे, पॅन नंबर पाठ आहे. ती गाते, हे दहिसरला माहीत होतं.

आणि हो, ठाणे ते बोरिवली असा डोंगराखालून बोगदा खणायचं काम सुरू आहे. मुलुंडाहून ठाणे कितीसं लांब? विकास विकास म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग सोडलंस का गाणं?"

"सोडलं असं काही नाही," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी पोळ्या करताना गुणगुणत होते. तुमची ती परीक्षा होती. तुम्ही आतून म्हणालात, 'अगं, जरा हळू.' मग हळूच म्हणत गेले. मग राहिलं."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीला आमच्याकडे पुस्तक असतं, त्यात नोंद होते, मुदतीत उत्तर द्यावं लागतं. ही नुसती माहिती होती.

मला ते 'जरा हळू' आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. ती परीक्षा आठवते. बँकवाल्यांची जेएआयआयबी. पास झालो, एक वेतनवाढ मिळाली. त्या काळात किती रुपयांची, तेही आठवतं. एका वेतनवाढीत गाणं गेलं होतं आणि मी पेढे वाटले होते.

म्हणजे प्रत्येकाचं थोडंथोडं शिल्लक दुसऱ्याच्या शाखेत पडून असतं. माझी आई थोडी 'दहावी ब'च्या खिडकीशेजारच्या बाकावर जमा आहे. माझी बायको थोडी दहिसरला. ते दहिसरकर चांगले गृहस्थ असणार. ठेव त्यांनी इतकी वर्षं जपली, एक सूरही कमी न करता. खातं बंद पाडणारा शाखाधिकारी मात्र घरातच होता.

आता मी दावा सांगायचं ठरवलं. पण कसा? 'गा' म्हणून बायको गात नसते. ती 'इश्श' तरी म्हणते नाहीतर 'भाजी करपेल' तरी. जानकीदेखील अंधार झाल्यावरच गायली होती. तेव्हा मी लाइट जायची वाट पाहू लागलो. आमच्याकडे पाहुणे आले, इस्त्री लावली, मॅचची शेवटची ओव्हर आली की लाइट हमखास जातात. पण मी वाट पाहायला लागल्यापासून पंधरा दिवस नुसता लखलखाट!

शेवटी एका रविवारी संध्याकाळी, ती लसूण सोलत बसली होती, कन्या आत अभ्यासाच्या नावाखाली फोनवर होती, तेव्हा मी चप्पल शोधण्याच्या मिषाने दारापाशी गेलो आणि मेन स्विच खाली केला.

"गेले वाटतं लाइट," मी म्हणालो.

सौ. काही बोलली नाही. समोरच्या इमारतीत सगळे दिवे लागलेले होते. त्यांचा उजेड आमच्या खिडकीतून थेट तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

"आपलाच फेज गेला असेल," मी म्हणालो.

तरीही ती काही बोलली नाही. पंखा हळूहळू थांबला. फ्रीजची घरघर थांबली. आमच्या घरात इतके आवाज होते हे मला तेव्हा कळलं.

"अगं, ते गॅदरिंगचं..." मी म्हणालो आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. सतरा वर्षांपूर्वी ज्याने 'जरा हळू' म्हटलं होतं, तोच घसा होता हा. "म्हणजे, परीक्षा वगैरे आता काही नाही माझी."

ती लसूण सोलतच राहिली. मग तिने सुरुवात केली.

गाणं कोणतं ते सांगणार नाही. ग्राहकाच्या खात्याची माहिती बाहेर द्यायची नसते. आवाज सुरुवातीला चिरकला, एका जागी श्वास पुरला नाही. पण दुसऱ्या ओळीपासून तो असा काही सरळ गेला, की मी चपलांच्या कपाटाशी होतो तिथेच खाली बसलो. आतून कन्या "बाबा, वायफाय!" म्हणून तणतणत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. आईकडे पाहत. नंतर तिने फोनसुद्धा खाली केला. तिच्या पिढीत याला उभं राहून मानवंदना म्हणतात.

दोन कडवी झाली. तिसऱ्याला ती अडली. "पुढचं आठवत नाही," म्हणाली.

कोणी काही बोललं नाही. खालून मामींनी हाक मारली, "कोण गातंय हो?" आणि पहिल्यांदाच मला उत्तर माहीत होतं.

"करा आता स्विच वर," सौ. म्हणाली. "फ्रीजमध्ये दूध आहे."

मी स्विच वर केला. उजेडात तिने माझ्याकडे पाहिलं नाही, लसणाच्या वाटीकडे पाहिलं. कान मात्र लाल झाले होते. थोड्या वेळाने म्हणाली,

"त्या दहिसरच्यांना उत्तर द्यायचं राहिलंय. हल्ली गातेस का विचारतात. काय कळवू?"

"कळव," मी म्हटलं, "की मुलुंडला हल्ली लाइट वरचेवर जातात."